वाचताना अडखळणाऱ्या चौदा वर्षांच्या मुलाला कुठली पुस्तकं द्यावीत?

तळटीप
बऱ्याच दिवसांपासून लिहीन लिहीन म्हणत होते, आज लिहितेच. मुलगा चौदा पूर्ण, आठवीत. डोकं चांगलं आहे, तोंडी काहीही विचारा, मुद्देसूद सांगतो, वर उलट प्रश्न विचारून आपल्यालाच गप्प करतो. पण हातात छापील पान आलं की वेगळाच मुलगा. एकेक शब्द चाचपडत वाचतो, ओळ संपेपर्यंत ओळीची सुरुवात विसरलेला असतो. परवा मोठ्याने वाचायला लावलं तर 'परिस्थिती'चं 'परीक्षा' केलं आणि तसाच पुढे गेला. वाक्याला काही अर्थच उरला नाही, पण त्याच्या ते गावीही नाही. नवीन पुस्तक दिलं की पहिलं काय करतो माहितीये? शेवटचं पान उघडून आकडा बघतो. "एकशे ब्याऐंशी," एवढं म्हणून ठेवून देतो. संपला विषय.

त्याच्या वयाची म्हणून आणलेली पुस्तकं तशीच पडून आहेत. मग मी हुशारी केली, धाकटीच्या कपाटातलं एक सोपं पुस्तक काढून दिलं. "हे बारक्यांचं आहे" म्हणाला आणि दोन दिवस माझ्याशी धड बोलला नाही. आता जे झेपतं ते नको आणि जे हवं ते झेपत नाही, अशी गत आहे.

कोणी ह्यातून गेलंय का? पुस्तकं निवडायची कशी? नुसती नावांची यादी नकोय, म्हणजे दिलीत तरी चालेल, पण निवडताना बघायचं काय ते सांगा.

इनमीनतीन
आमच्या घरी पंचेचाळीस वर्षांचा असाच एक मुलगा आहे. कुठलंही पुस्तक द्या, दुसऱ्या पानावर घोरायला लागतो. उपाय सापडला तर मलाही कळवा, हलकेच घ्या. :)

मोरपीस
आधी त्याला काय आवडतं ते विचारा ना. आपल्याला जे आवडलं होतं ते मुलांना देण्यात काही अर्थ नसतो, मी हे दोन मुलांवर करून बघितलंय आणि दोन्ही वेळा तोंडावर आपटलेय.

सरळरेघ
स्पष्ट बोलतो, राग नसावा. आजार मोबाइलचा आहे आणि औषध पुस्तकांत शोधताय. दिवसाचे तीन-चार तास मिनिटभराचे व्हिडिओ बघणाऱ्या मुलाला पान वाचायचा धीर कुठून येणार? आमच्या वेळी घरात एकच मासिक यायचं आणि त्यावर भांडणं व्हायची. मोबाइल काढून घ्या, दर्जेदार साहित्य समोर ठेवा, कंटाळा आला की आपोआप वाचेल. सोपं सोपं देत राहिलात तर मोठेपणीही सोपंच लागेल.

रात्रपाळी
आली, 'आमच्या वेळी' आली. खुर्ची ओढून बसलो आहे.

तळटीप
सरळरेघ, मोबाइल काढून घेऊन झालाय. पूर्ण सुट्टीभर. कंटाळा आला, पण वाचलं नाही, भिंतीवर चेंडू मारत बसला.

जुना फळा
भाषा शिकवण्यात तीस वर्षं गेली, आता निवृत्त आहे, म्हणून जरा लांबण लावतो.

ताई, पुस्तक निवडायच्या आधी अडतंय कुठे ते बघा. 'वाचता येत नाही' ही एकच तक्रार वाटते, पण तिच्यात निदान तीन वेगळे प्रकार असतात. एक, अक्षरं जोडून शब्द ओळखण्यातच सगळी शक्ती संपते. दोन, शब्द खडाखडा म्हणता येतात पण अर्थ डोक्यात शिरत नाही, शब्दसंपत्ती कमी किंवा विषयाची ओळख नाही. तीन, दोन्ही जमतं पण वाचायची इच्छाच नाही. बाहेरून तिघंही सारखेच दिसतात, तिघंही पुस्तक बाजूला ठेवतात.

१९८६ मध्ये गॉफ आणि टन्मर ह्या दोन अभ्यासकांनी फार साधी मांडणी केली होती: वाचून समजणं म्हणजे शब्द ओळखणं गुणिले भाषा समजणं. बेरीज नाही, गुणाकार. एक बाजू शून्याजवळ गेली की दुसरी कितीही दांडगी असो, उत्तर शून्याजवळच. तुमच्या मुलाची दुसरी बाजू दांडगी दिसते, पहिली लंगडी आहे असा माझा अंदाज आहे. पण माझ्या अंदाजावर जाऊ नका, घरीच बघा. साधारण त्याच्या इयत्तेचा, त्याने न वाचलेला एक उतारा घ्या. अर्धा तुम्ही वाचून दाखवा आणि काय झालं ते विचारा. उरलेला अर्धा त्याला मनात वाचू द्या, मग तेच विचारा. ऐकून सगळं सांगितलं आणि वाचून काहीच नाही, तर गाठ शब्द ओळखण्यात आहे. दोन्ही वेळा गोंधळ असेल तर पुस्तकाआधी गप्पा वाढवा.

'परिस्थिती'चं 'परीक्षा' करणं ही खूण मी शेकडो वेळा पाहिली आहे. पहिली दोन अक्षरं बघायची आणि उरलेला शब्द अंदाजाने म्हणायचा. ही लबाडी नव्हे हो, कुबडी आहे. लहान वर्गात छोटे शब्द असतात तोवर ती चालते, मोठ्या वर्गात शब्द लांबले की मोडते. म्हणून चौथी-पाचवीपर्यंत 'ठीक' वाटलेली मुलं नंतर अचानक मागे पडल्यासारखी दिसतात.

चष्मेबद्दूर
फळा सरांना अनुमोदन, पण त्याच्याही आधी डोळे तपासा. माझी मुलगी दोन वर्षं 'आळशी' होती. लांबचा तक्ता फटाफट वाचायची त्यामुळे आम्ही निर्धास्त. जवळचं तपासल्यावर कळलं, दोन्ही डोळे जवळच्या अक्षरांवर एकत्र टिकतच नव्हते, दहा मिनिटांत ओळी एकमेकींवर चढायच्या तिच्या. तिला वाटायचं सगळ्यांनाच असं दिसतं, त्यामुळे तक्रार तरी काय करणार. डोकं दुखतं का, एक डोळा झाकून वाचतो का, ओळ चुकते का हे नुसतं बघून ठेवा. आणि कानही तपासून घ्या जमलं तर.

अर्धविराम
इथे सहसा लिहीत नाही, नुसता वाचतो (हो, वाचतो!). पण हा धागा बघून राहवेना.

मी तो मुलगा होतो. वर्गात एकेकाने एकेक परिच्छेद मोठ्याने वाचायचा तास असायचा. मी काय करायचो, पुढच्या बाकापासून डोकी मोजायचो, माझ्या वाट्याला कुठला परिच्छेद येणार तो शोधायचो आणि माझी पाळी येईपर्यंत तेवढाच मनात घोकत बसायचो. बाकीचे काय वाचतायत ते कानावरही पडत नसे. एकदा सरांनी एका मुलाला "छान वाचतोस, पुढचाही वाच" म्हणून दोन परिच्छेद वाचायला दिले. माझा परिच्छेद सरकला. नवीन परिच्छेदाचा पहिलाच शब्द 'तत्पूर्वी'. मी तो शब्द तीन वेळा सुरू केला. वर्ग हसला वगैरे नाही, सगळे गप्प बसले, ते जास्त वाईट होतं. आज चाळिशीत आहे तरी अर्जात तत्पूर्वी दिसलं की कान गरम होतात.

डिस्लेक्सिया, म्हणजे डोकं ठीक असूनही छापील शब्द ओळखताना अडखळणं, आहे हे मला नोकरीला लागल्यावर कळलं. म्हणून ताई, एक विनंती, तपासणी करून घ्या, लेबल लागेल म्हणून घाबरू नका. लेबल आम्हाला तसंही लागलेलंच असतं, 'ढ' म्हणून. त्यापेक्षा खरं लेबल बरं. आणि पाहुण्यांसमोर वाचायला लावू नका, प्लीज. चारचौघांत वाचून सुधारलेला एकही माणूस मला अजून भेटलेला नाही.

पुस्तकांबद्दल म्हणाल तर मला बारीक पुस्तकं हवी असायची पण बारीक *दिसलेली* नको असायची. म्हणजे विषय मोठ्यांचा, खून, युद्ध, समुद्र, काहीही, पण वाक्यं छोटी. ससा-कासव नको.

ओवी
अर्धविराम, _/\_ डोळ्यात पाणी आलं वाचून.

सरळरेघ
अर्धविराम यांचं वाचून वाईट वाटलं. माझा मुद्दा अशा मुलांना लागू नसेल, हे मान्य. पण प्रत्येक न वाचणारं मूल डिस्लेक्सिक नसतं, हेही तुम्ही मान्य करा. आणि शेवटी चित्रकथाच द्यायच्या असं ठरणार असेल तर त्याला वाचन म्हणायचं का?

रात्रपाळी
म्हणायचं. चित्रकथेत संवाद वाचावा लागतो, कोण बोलतंय ते समजून घ्यावं लागतं, दोन चौकटींच्या मध्ये काय घडलं ते स्वतः जोडावं लागतं. तुम्ही एकदा जाडजूड ग्राफिक कादंबरी हातात घेऊन बघा, कुठून कुठे वाचायचं इथेच माझी फजिती झाली होती.

कागदी होडी
मी ग्रंथालयात काम करते, मुलांचा विभाग माझ्याकडे आहे. मूळ प्रश्न 'निवडताना बघायचं काय' हा होता ना, तर मी पुस्तक हातात घेतल्यावर काय बघते ते सांगते.

पहिलं, पान डोळ्यांपासून लांब धरून बघते. नुसता काळा ठोकळा दिसला की बाद. संवाद आहेत, परिच्छेद तुटलेले आहेत, कडेला मोकळी जागा आहे, तर ठेवते. दुसरं, प्रकरणं. चार-पाच पानांत प्रकरण संपलं पाहिजे, कारण अडखळणाऱ्या मुलाला 'संपवलं' हे वारंवार वाटायला लागतं. वीस पानांचं प्रकरण म्हणजे त्याच्यासाठी तीन दिवस, आणि तिसऱ्या दिवशी त्याला पहिला दिवस आठवत नाही. तिसरं, पहिल्या पानावर किती माणसं येतात. आपल्या बऱ्याच कथांत पहिल्याच पानावर आजोबा, काका, दोन मावसभावंडं आणि एक कुत्रा, सगळ्यांची नावं, आणि गोष्ट अजून सुरूच नाही. अशा मुलाला नावं लक्षात ठेवण्यातच दमायला होतं. दोन माणसं आणि एक अडचण, एवढं पहिल्या पानावर पुरे. चौथं, सुरुवातीला लांबलचक निसर्गवर्णन असेल तर मी गुपचूप पुस्तक परत फळीवर ठेवते (सरळरेघ रागावतील).

मग पाच बोटांची युक्ती सगळे सांगतात, एक पान वाचायला दे, न येणाऱ्या शब्दाला एकेक बोट मुडप, पाचही मुडपली तर पुस्तक अवघड. ठीक आहे, पण ती लहान मुलांच्या पानाला बेतलेली आहे. मोठ्या मुलांच्या पुस्तकात एका पानावर अडीचशे-तीनशे शब्द असतात, तिथे पाच म्हणजे काहीच नाही. मी शंभर शब्द मोजते. एमेट बेट्सने १९४६ मध्ये पातळ्या सांगितल्या होत्या त्या अजून ढोबळमानाने वापरतात: शंभरातले नव्याण्णव बरोबर आले तर एकट्याने वाचू शकेल, पंचाण्णवच्या आसपास आले तर कोणी सोबत असेल तर जमेल, नव्वदच्या खाली गेलं तर नुसती चिडचिड. आकडे वेदवाक्य नाहीत. विषय जिव्हाळ्याचा असेल तर मुलं नव्वदच्या खालचंही ओढून नेतात, मी बघितलंय.

आणि 'मोठ्यांचा विषय, छोटी वाक्यं' अशी पुस्तकं मुद्दाम काढणारे प्रकाशकही आहेत हो. एडिनबरामध्ये १९९८ साली बॅरिंग्टन स्टोक नावाची प्रकाशनसंस्था ह्याच कामासाठी सुरू झाली, पिवळसर कागद, जास्त मोकळी ओळ, छोटी प्रकरणं आणि लेखक मात्र नावाजलेले. मराठीत असं ठरवून केलेलं फार हाताला लागत नाही, म्हणून चाळून चाळून शोधावं लागतं.

इनमीनतीन
पहिल्या पानावर आजोबा, काका, मावसभावंडं आणि कुत्रा... अहो ही तर आमच्या फॅमिली ग्रुपची मेंबर लिस्ट झाली.

रात्रपाळी
कागदी होडी, जबरदस्त प्रतिसाद, वाचनखूण साठवली.

छपाईचा विषय निघाला म्हणून जरा अवांतर, माझं कामच अक्षरजुळणीचं आहे. डिस्लेक्सियासाठी म्हणून खास फॉण्ट मिळतात त्यांचा गाजावाजा खूप आहे, पण अभ्यासांत त्यांचा ठोस फायदा सातत्याने दिसलेला नाही. मोकळ्या जागेचा मात्र दिसलाय, २०१२ मध्ये इटालियन आणि फ्रेंच मुलांवर प्रयोग झाला होता, अक्षरांमधलं अंतर वाढवल्यावर डिस्लेक्सिया असलेली मुलं जास्त वेगाने आणि कमी चुका करत वाचू लागली. आता गंमत अशी की हे देवनागरीला जसंच्या तसं लावता येत नाही, अक्षरं लांब केली की शिरोरेघ तुटते आणि शब्दाचा शब्दच राहत नाही. आपल्याकडे शब्दांमधलं आणि ओळींमधलं अंतर वाढवायचं. आणि जोडाक्षरं! जुन्या छपाईत 'द्ध', 'द्व', 'क्त' एकावर एक चढवलेली असायची, काही नव्या फॉण्टमध्येही असतात. 'द्य' आणि 'ध्य' शेजारी ठेवून बघा, मला स्वतःला चष्म्याशिवाय फरक कळत नाही. पुस्तक घेताना जोडाक्षरं सुटी, पाय मोडून दिसणारी असतील तर तेच घ्या.

मोरपीस
ई-पुस्तकात अक्षर मोठं करता येतं की सरळ. आणि वाचन्याची गती पण मोजता येते

सरळरेघ
वाचण्याची. ण.

मोरपीस
सरळरेघ, अडखळणाऱ्या वाचकांच्या धाग्यावर शुद्धलेखनाची छडी घेऊन फिरताय, धन्य आहात.

इनमीनतीन
न आणि ण चं भांडण सुरू झालं म्हणजे धागा शंभरी गाठणार.

ओवी
आमच्याकडे कानात पुस्तक आणि हातात पुस्तक असं चालतं. म्हणजे ऑडिओ लावायचा आणि तेच पुस्तक समोर उघडं ठेवून बोट फिरवत जायचं. भाचा आहे माझा, पंधरा वर्षांचा. सुरुवातीला बोट मागे राहायचं, मग वेग थोडा कमी केला, आता कधीकधी बोट आवाजाच्या पुढे जातं आणि तो वैतागून ऑडिओ बंद करतो. तो क्षण मी आणि माझी ताई दाराआडून ऐकतो :)

मोरपीस
पण ती फसवणूक नाही का? ऐकलंच ना शेवटी.

जुना फळा
ऐकणं आणि बोटाने शब्दामागून जाणं एकत्र असेल तर फसवणूक नाही. नुसतं ऐकलं तर शब्द ओळखायचा सराव होत नाही हे खरं, पण शब्दसंपत्ती वाढते. तीही लागतेच. कीथ स्टॅनोविचने १९८६ मध्येच हे दुष्टचक्र मांडलं होतं: नीट वाचता येत नाही म्हणून मूल कमी वाचतं, कमी वाचतं म्हणून नवे शब्द कमी मिळतात, शब्द कमी म्हणून पुढचं पुस्तक आणखी अवघड. चांगल्या वाचकाचं नेमकं उलट, त्याची श्रीमंती वाढत जाते. चौदाव्या वर्षापर्यंत ही दरी बरीच रुंदावलेली असते. वाचन सुधारेपर्यंत कानाने शब्द आत जात राहू देत, एवढंच.

अजून एक, तोच तोच उतारा पुन्हा वाचण्यात कमीपणा मानू नका. शे-दोनशे शब्दांचा तुकडा, तीन-चार वेळा. सॅम्युएल्स नावाच्या अभ्यासकाने १९७९ मध्ये ही पद्धत मांडली, आणि ती चालते. गायक एकच जागा दहादा घोटतो तेव्हा त्याला कोणी ढ म्हणत नाही.

ओवी
अरे हो, आणि 'बारक्यांचं आहे' वर आमच्याकडे सापडलेली युक्ती. ताई, तुमची धाकटी किती वर्षांची? मोठ्याला सांगा, तिला रात्री गोष्ट वाचून दाखवायची आहे, मला वेळ नाही, तू वाचशील का. किंवा फोनवर रेकॉर्ड करून दे. मग तो सोपं पुस्तक स्वतःसाठी वाचत नसतो, तिच्यासाठी वाचत असतो, त्यात मानहानी नाही. उलट आवाज बदलून वाचता यावं म्हणून आधी दोनदा गुपचूप सराव करतो. सर म्हणतायत ते पुन्हा पुन्हा वाचणं आपोआप होतं.

अर्धविराम
ओवी, ही युक्ती माझ्या लहानपणी कोणाला सुचायला हवी होती. सोपं पुस्तक वाचायला काहीतरी *कारण* लागतं, एवढंच असतं हो.

तळटीप
सगळ्यांचे खूप आभार, एकेक प्रतिसाद दोनदा वाचला. नवऱ्यालाही वाचून दाखवले.

सरांनी सांगितलेली परीक्षा काल केली. मी वाचलेला अर्धा भाग त्याने माझ्यापेक्षा नीट सांगितला, मी सोडून दिलेला एक तपशीलही. स्वतः वाचलेल्या भागात "कोणीतरी कुठेतरी गेलं" इथपर्यंतच. डोळ्यांची वेळ घेतली आहे, आणि डिस्लेक्सियाच्या तपासणीचीही.

आवडीचं विचारलंत म्हणून, त्याला बुडालेली जहाजं आवडतात. का ते विचारू नका. तासन्‌तास व्हिडिओ बघतो. मी आजवर ह्याला 'वेळ वाया घालवणं' म्हणत होते.

नकाशा
वा! मग तुमच्या हातात घबाड आहे, गोष्टींची पुस्तकं शोधत बसू नका, माहितीपर घ्या. १९८८ मध्ये रेख्त आणि लेस्ली यांनी सातवी-आठवीच्या ६४ मुलांवर एक प्रयोग केला होता, बेसबॉलच्या सामन्याचा उतारा वाचायला दिला. काही मुलं चांगली वाचणारी, काही कच्ची, काहींना खेळ माहीत, काहींना नाही. ज्या कच्च्या वाचकांना बेसबॉल माहीत होता त्यांनी, खेळ न कळणाऱ्या उत्तम वाचकांपेक्षा, सामना किती तरी चांगला समजून सांगितला. म्हणजे डोक्यात आधी असलेली माहिती वाचताना हात देते. तुमच्या मुलाच्या डोक्यात जहाजं भरलेली आहेतच, त्याला 'शिडाचा खांब', 'सांगाडा', 'तळ' असे शब्द आले की अंदाज बरोबर लागणार. तीच अंदाजाची कुबडी इथे कामाला येते.

आणि विषय काय कमी आहे का! वासा नावाचं स्वीडिश जहाज १६२८ मध्ये पहिल्याच सफरीत, बंदरातून निघून दीड किलोमीटरही गेलं नाही तोवर कलंडून बुडालं, राजाला हवं तसं वरून जड केलेलं. १९६१ मध्ये वर काढलं. एन्ड्युरन्स अंटार्क्टिकात बर्फाने चिरडलं १९१५ ला, सापडलं २०२२ मध्ये, तीन किलोमीटर खोल. कुठल्या मुलाला हे नको असेल? मलाच आता शोधायला लागायचंय.

जुना फळा
नकाशा यांच्याशी सहमत, फक्त एक खबरदारी. अंदाजाची कुबडी चालते म्हणून पायावरचे उपचार थांबवू नका. अंदाज चुकला की थांबून शब्द फोडायची सवय लावायची, प-रि-स्थि-ती. पुस्तकाने गोडी लागेल, शब्द फोडायला मात्र शिकवावंच लागतं, चौदाव्या वर्षीही. तपासणीनंतर ते शिकवणारी व्यक्ती शोधा.

सरळरेघ
माहितीपर पुस्तकांना माझा विरोध नाही. पण माणसाच्या मनात शिरायला गोष्टच लागते, नुसती जहाजाची लांबी-रुंदी पाठ करून काय होणार? जहाजांवरून हळूहळू सागरी कथांकडे न्या, एवढं तरी कराल ना.

कागदी होडी
सरळरेघ, न्यायची गरज पडत नाही, मुलं जातात. गेली नाहीत तरी चालतं. आमच्याकडे एक मुलगा अडीच वर्षं फक्त सापांची पुस्तकं नेत होता, मग एक दिवस विषाच्या शेल्फवरून रहस्यकथांच्या शेल्फवर गेला, मध्ये मी काहीही केलं नाही. फक्त दोन्ही शेल्फं जवळ ठेवली होती :)

आणि ताई, अर्धवट सोडू द्या. "सुरू केलंस ना, आता संपव" हे वाक्य निदान वर्षभर घरात बंद. तुम्ही तरी सगळी संपवता का?

इनमीनतीन
माझ्या उशाशी सात अर्धवट आहेत. आठवं आणतेय.

तळटीप
सहा आठवड्यांनी येतेय, धागा वर काढल्याबद्दल माफी.

डोळे ठीक निघाले. डिस्लेक्सिया आहे, मध्यम. मी रडले, तो नाही रडला. "म्हणजे मी मठ्ठ नाहीये ना?" एवढंच विचारलं. अर्धविराम, तुमचा प्रतिसाद त्याला वाचून दाखवला, परवानगी न घेता, माफ करा. डोकी मोजायचा भाग आला तेव्हा म्हणाला, "मी पण मोजतो." आठ वर्षं शाळेत जातोय, मला माहीतच नव्हतं. आठवड्यातून तीनदा शिकवणाऱ्या बाईंकडे जातो. हळू आहे प्रकरण, चमत्कार वगैरे काही नाही.

धाकटीला वाचून दाखवणं फसलं. तीच मध्येमध्ये त्याला दुरुस्त करायला लागली, सातव्या मिनिटाला मारामारी. पण रेकॉर्ड करून देणं जमतंय, खोलीचं दार लावून करतो, चुकलं की पुसून परत. एका गोष्टीला चाळीस मिनिटं लागतात, गोष्ट चार मिनिटांची.

आणि जहाजं. कागदी होडी यांच्यासारखं पान लांब धरून बघून एक पुस्तक आणलं, भरपूर चित्रं, प्रत्येक जहाजाला चार पानं. पहिल्या दिवशी परत आकडा बघितला, छप्पन्न. दुसऱ्या दिवशी मी कपडे वाळत घालत होते तर मागे येऊन म्हणाला, टायटॅनिकवर वीसच लाइफबोटी होत्या, माणसं दोन हजारांच्या वर आणि बोटींत जागा ११७८. मी म्हटलं व्हिडिओत सांगितलं असेल. तर म्हणाला, "नाही, व्हिडिओत २० सांगतात, ११७८ इथे लिहिलंय," आणि पुस्तक उघडून त्या ओळीवर बोट ठेवलं. मग तीच ओळ वाचून दाखवली, मी सांगितलं नव्हतं. 'जलसमाधी'शी थांबला. जल. स. मा. धी. मी तोंडातला चिमटा तसाच धरून उभी. आला शब्द. "म्हणजे बुडणंच ना? मग बुडालं म्हणायचं की सरळ," म्हणाला.

अर्धविराम
परवानगी आहे हो. त्याला सांगा, मीही अजून मोजतो. मीटिंगमध्ये.

सरळरेघ
'जलसमाधी' वर मुलाचा मुद्दा बरोबर आहे. जहाजाला कसली समाधी?

रात्रपाळी
सरळरेघ मुलाच्या बाजूने! तारीख लिहून ठेवा रे कोणीतरी.

कागदी होडी
तोंडात चिमटा धरून उभं राहणं हे सगळ्यात अवघड काम. मला अजूनही दर वेळी जमत नाही, शब्द तोंडातून निसटतोच.

तळटीप
हो ना. बरं, आता मुद्द्याची गोष्ट. ते पुस्तक त्याने चाळिसाव्या पानाला सोडलं, उरलेली जहाजं "लाकडी आणि बोअर" आहेत म्हणे. मी काही बोलले नाही. आता पाणबुड्यांवरचं हवंय. छोटी प्रकरणं, सुटी जोडाक्षरं, आणि तो म्हणतो 'बारक्यांचं नको'. कोणाच्या बघण्यात आहे का काही?

नकाशा
आहे एक, चाळून शंभर शब्द मोजतो आणि रात्री सांगतो.

इनमीनतीन
नवऱ्यालाही एक पाणबुडीवरचं सांगा. तसाही दुसऱ्या पानावर खाली जातोच.